मीठपाण्याला जोडलेले हात

ता. १२ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारचा केमोचा चौथा डोस आटोपल्यावर तुझ्या वहिनीला तुझ्या घरी पोहोचवून मी परतीची गाडी धरली आणि दिवेलागणीपूर्वी घरी आलो. आईने मला वडील समजून फैलावर घेतले. शाळा सुटून किती वेळ झाला, इतका वेळ कुठे होतात, असा जाब विचारला. नव्वदीच्या माणसाशी वाद घालू नये, म्हणून मी वडिलांच्या वतीने क्षमा मागितली. ती मिळाली. मला स्वतःच्या नावावर ती कधी इतक्या लवकर मिळाल्याचे आठवत नाही.

तू परिचारिका आहेस त्या कक्षातील एक गोष्ट मनात घर करून राहिली आहे. औषध लावण्यापूर्वी झगे आणि दुहेरी हातमोजे घातलेल्या दोन परिचारिका खाटेपाशी येतात. एक कागदावरून वाचते, दुसरी पिशवीवरून. रुग्णाचे नाव, औषध, मात्रा, वेळ. शेवटी रुग्णाने आपले नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचे. तुझी वहिनी नाव सांगताना दर वेळी लाजते, कारण चाळीस वर्षांत मी तिला ‘अगं’ याखेरीज हाक मारलेली नाही. पाठशाळेत आम्ही असेच समोरासमोर बसून मंत्र म्हणत असू. एकाने चुकावे, दुसऱ्याने पकडावे. जिथे एका अक्षराची चूक जिवावर बेतू शकते, तिथे माणसाने एकट्याच्या डोळ्यांवर विसंबू नये, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते आणि तुम्ही ते अजून पाळता, याचा मला अभिमान वाटतो. तो पाठ कानी पडला की माझी निम्मी चिंता उतरते.

मधला स्कॅन सोळा तारखेला आहे. आईला सोडून मला लागोपाठ दोनदा येता येणार नाही. पण निदान झाले त्या दिवशी, जिन्यात उभी राहून, तू मला शब्द दिला आहेस की जे असेल ते, जसे असेल तसे सांगेन. मी त्या शब्दावर इथे बसून आहे. सहापैकी चार डोस झाले. दोन राहिले. ईश्वर तडीस नेईल.

वहिनीला सांग, दुपारची झोप मोडून स्वयंपाकघरात लुडबुड करू नये. ती ऐकणार नाही, तरी सांग.

तुझी माया वहिनीवर आहे तशीच या म्हाताऱ्यावरही राहो.
दादा

ता. २० जानेवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोहोचले. ते वहिनींना वाचून दाखवले. लुडबुडीच्या वाक्याला त्या हसल्या आणि मुद्दाम उठून चहा टाकायला गेल्या. म्हणजे तुमच्या आज्ञेचे यथायोग्य पालन झाले.

स्कॅन ठरल्या दिवशी झाला. डॉक्टर वहिनींशी बराच वेळ बोलले. पुढची दिशा ठरली आहे आणि वहिनींचे तिच्याविषयी समाधान आहे. गेल्या दोन दिवसांत त्यांची अन्नावर वासना आली आहे. तोंडातले फोड सुकत आहेत. तीस तारखेच्या गुरुवारी त्यांना खाट मिळेल, सलाईन लागेल. प्रवासाचा तुम्हाला शीण होतो, आईही एकटी पडते, तेव्हा या खेपेस आला नाहीत तरी चालेल. मी आहेच.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, की नुसतेच तेलाविषयी वाचता? आईला माझा नमस्कार सांगा. ओळखले नाही तरी सांगा.

तुमच्या पायांशी जागा असू द्यावी.
धाकटी

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

न येण्याचा तुझा सल्ला मी मानला नाही, हे तू पाहिलेच. गुरुवारी तू दुसऱ्या वॉर्डात गुंतली होतीस, त्यामुळे बोलणे झाले नाही. म्हणून हे लिहितो.

आधी शुभवार्ता. तुझ्या वहिनीची कांती सुधारली आहे. तीन तास सलाईन चालले, तेवढा वेळ मी तिचा हात धरून बसलो होतो आणि मनातल्या मनात नामस्मरण चालू होते. एकेक थेंब पडे तसे एकेक नाम. ती मध्येच म्हणाली, काय मोजताय? मी म्हटले, तुझे आयुष्य. त्यावर ती खिडकीकडे पाहू लागली. आधीच्या चार वेळांसारखी मळमळ नाही, थरथर नाही. औषध अंगी लागू लागले, असे मी समजतो.

आता तक्रार. या वेळी पाठ झाला नाही! एकच नवी सिस्टर आली, तीही साध्या गणवेशात. ना झगा, ना दुहेरी मोजे. पिशवी अडकवली आणि निघाली. मी तिला थांबवले, दुसरी कुठे आहे, वाचन का नाही, असे विचारले. मुलगी गोरीमोरी झाली. काका, आज ते लागत नाही, एवढेच म्हणाली आणि तुझ्या वहिनीकडे पाहू लागली. वहिनी मला म्हणाली, जाल तिथे परीक्षा घ्यायला बसता, सोडा की त्या पोरीला.

मी सोडले नाही. चाळीस वर्षे मुलांना शिकवले. ‘आज लागत नाही’ हे वाक्य कुठून सुरू होते आणि कुठे जाऊन थांबते, ते मला ठाऊक आहे. घरी येताच मी तुमच्या मेट्रनबाईंना सविस्तर पत्र लिहिले. तारीख, वेळ, खाटेचा क्रमांक, सर्व. तू माझी बहीण असल्याचे लिहिलेले नाही, म्हणजे तुला संकोच नको. त्या मुलीवर माझा राग नाही. पण आज कुणी कान उपटले, तर उद्या एखाद्याचा जीव वाचेल.

स्कॅनचा निकाल मात्र तू अजून मला सविस्तर लिहिलेला नाहीस. आठवण करून देतो.

आपला जिव्हाळा दिवसेंदिवस वाढो.
दादा

ता. ८ फेब्रुवारी

श्री. गुरुजी यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. कक्षातील कामाविषयी आपण दाखविलेल्या आस्थेबद्दल आभारी आहे. तक्रार गंभीर स्वरूपाची असल्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे चार दिवस, संबंधित परिचारिकेस औषधे देण्याच्या कामापासून दूर ठेवण्यात आले. चौकशीअंती तिच्याकडून कोणतीही कसूर झाली नसल्याचे आढळले. ती कामावर पूर्ववत रुजू आहे.

दोन परिचारिकांनी वाचन करण्याची, तसेच झगा व दुहेरी हातमोजे वापरण्याची पद्धत आमच्या कक्षात केमोच्या औषधांसाठी आहे. ता. ३० रोजी आपल्या पत्नीस केमो देण्यात आलेली नाही. ता. १६ रोजी स्कॅननंतर डॉक्टरांशी चर्चा करून त्यांनी स्वतः, स्वतःच्या सहीने, केमो थांबविण्याचा निर्णय कळविला. शरीरातील पाणी कमी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी त्यांना मीठपाण्याचे साधे सलाईन लिहून दिले होते. तेच त्या दिवशी देण्यात आले.

हे सर्व आपणांस ज्ञात असेलच. केवळ वाचन का झाले नाही याचा खुलासा व्हावा, म्हणून लिहिले आहे.

कळावे.
आपली,
मेट्रन

ता. ११ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद लिहिण्यासाठी लेखणी उचलली आणि खाली ठेवली. मोठ्याने खोटा आशीर्वाद देऊ नये.

मेट्रनबाईंचे पत्र सोबत जोडले आहे. वाचून परत पाठव. त्यातले ‘ज्ञात असेलच’ हे दोन शब्द मी किती वेळा वाचले, ते सांगत नाही. सगळ्यांना ज्ञात होते. डॉक्टरांना, तुला, त्या नव्या मुलीला, कदाचित खाटेजवळची फरशी पुसणाऱ्या बाईंनासुद्धा. ज्ञात नव्हते ते एका मला, ज्याने तीन तास तिचा हात धरला होता. मी मीठपाण्याला हात जोडले, धाकटे. एकेका थेंबाला देवाचे नाव दिले. आणि ज्या दोघींसाठी मी देवाकडे तोंड करून बसलो होतो, त्या दोघी माझ्या पाठीमागे एकमेकींना खुणा करीत होत्या.

तुझे वीस तारखेचे पत्र पुन्हा काढून तपासले. ‘पुढची दिशा ठरली आहे.’ ‘वहिनींचे तिच्याविषयी समाधान आहे.’ ‘सलाईन लागेल.’ एक शब्द खोटा नाही! प्रत्येक वाक्य व्याकरणाने निर्दोष आणि धर्माने सदोष. खोटे बोलणारा माणूस निदान एकदा पाप करतो. तू मात्र खऱ्या शब्दांची वीट वीट रचून खोट्याचे घर बांधलेस आणि मला त्यात राहायला बोलावलेस. अक्षर मीच तुला शिकवले होते. वडील गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, पाटीवर माझा हात तुझ्या हातावर होता. ते अक्षर या कामी येईल, असे वाटले नव्हते.

आणि त्या नव्या मुलीचे काय? जिने एक शब्द खोटा उच्चारला नाही, तिला माझ्या पत्राने चार दिवस आरोपी केले. तुम्ही दोघींनी मला फसवले आणि मी माझ्या सत्यप्रीतीने एका निरपराधाला फटका दिला. तिला वेगळे पत्र लिहून मी क्षमा मागितली आहे. ते तिला पोहोचते कर. ते सीलबंद आहे. पूर्वी तुझ्या हाती देताना मी पत्र बंद करीत नसे.

दोन प्रश्न विचारतो. किती दिवस उरले आहेत? आणि हे मला कधी सांगणार होतीस, आधी की नंतर?

दादा

ता. १५ फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मेट्रनबाईंचे पत्र परत पाठवत आहे. तुमचे पत्र त्या मुलीला दिले. तिने ते दोनदा वाचले आणि एवढेच म्हणाली की काकांचे अक्षर अगदी छापल्यासारखे आहे. मग ते घडी करून ओळखपत्राच्या मागे ठेवले. तिच्या बाजूने ते प्रकरण मिटले. माझ्या बाजूने मिटलेले नाही, हे मला माहीत आहे.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे प्रथम. डॉक्टर दोन महिने म्हणतात, कदाचित तीन. औषध चालू असतानाच गाठी वाढल्या होत्या. उरलेल्या दोन डोसांनी थोडे दिवस वाढले असते, पण ते अंथरुणात, फोडांनी भरलेल्या तोंडाने. दुसरे उत्तर असे की सहावा डोस ज्या दिवशी व्हायचा होता, त्या येत्या वीस तारखेच्या गुरुवारनंतर वहिनी तुम्हाला स्वतः सांगणार होत्या. त्यांनी माझ्याकडून तेवढी मुदत मागून घेतली होती.

आता माझी बाजू. ती मांडण्याचा अधिकार उरला असेल तरच वाचा. दादा, सोळा तारखेला मी त्यांची नणंद म्हणून खोलीत नव्हते. त्या रुग्ण होत्या आणि मी परिचारिका. रुग्णाने सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीवाचून तिच्या नवऱ्यालाही सांगायची नाही, ही माझ्या कामाची पहिली पायरी आहे. जिन्यात तुम्हाला शब्द देताना मी हे विसरले. तो शब्द देण्याचा मला अधिकारच नव्हता. माझा पहिला अपराध तो, आणि तुम्ही मात्र त्याच शब्दावर विसंबून बसलात.

तुमच्याच शास्त्रांत अप्रिय सत्याविषयी मौन बाळगण्याची मुभा आहे, असे लिहून सुटावे म्हणून मी एकदा बसलेही होते. पण मी मौन बाळगले नाही, पत्र लिहिले. त्या रात्री चार मसुदे फाडले. पाचवा तुम्ही म्हणता तसा निर्दोष झाला. तो टपालात टाकून आले आणि ड्यूटीवर पहिल्यांदा एका रुग्णाची नस मला सापडेना.

एक मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही, आणि यासाठी हवे तर आणखी रागवा. तिसऱ्या डोसानंतर वहिनींनी तुम्हाला तीनदा सांगायचा प्रयत्न केला. दोनदा मी तिथे होते. त्यांनी ‘मला आता’ म्हणायचा अवकाश, की तुम्ही पोथी उघडत होता आणि धैर्याचा अध्याय लावत होता. पाचवा डोस हवा का, असे तुम्ही डॉक्टरांना विचारलेत, मला विचारलेत, देवाला तर रोजच विचारलेत. ज्यांच्या नसेत तो जायचा होता, त्यांना एकदाही विचारले नाहीत.

याने माझा गुन्हा कमी होत नाही. वहिनींचे पत्र याच पाकिटात आहे. त्यांनी ते बंद केलेले नाही, पण मी वाचलेले नाही.

उत्तर आले नाही तरी मी तुमचीच.
धाकटी

ता. १५ फेब्रुवारी

आमच्या घरच्या गुरुजींस,
शंभर नमस्कार. आज एकाने भागणार नाही.

वन्संवर ओरडलात, असं कळलं. चुकीच्या माणसावर ओरडलात. बेत माझा होता, त्यांनी निमूटपणे साथ दिली. त्यांचं तोंड दोन दिवस एवढंसं झालंय. मला जेवण भरवतात आणि स्वतः उपाशी उठतात.

तुम्हाला फसवलं. ते कुठल्याही रंगीत कागदात गुंडाळत नाही. मनापासून फसवलं, विचार करून फसवलं. आता का ते ऐका, आणि या वेळी पत्र असल्यामुळे मध्येच पोथी उघडता येणार नाही.

तिसऱ्या डोसानंतर पायांचे तळवे असे पेटायचे की जमीन म्हणजे तवाच. कप धरता येईना. बोटांना कप आहे की नाही, तेच कळायचं नाही. पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. आणि पडद्यापलीकडे तुम्ही डॉक्टरांना सांगत होतात की ती खंबीर आहे, सगळं सोसेल. तेव्हा मला कळलं की मी आता आजाराशी लढत नाहीये, तुमच्या विश्वासाशी लढतेय. आजार एक वेळ परवडला. तुमचा विश्वास दमत नाही हो.

सोळा तारखेला सही केली आणि बाहेर येऊन बाकावर बसले. खरं सांगते, हलकं वाटलं. मग तुमचा चेहरा आठवला. सांगितलं असतं तर तुम्ही उपास धरले असते, मला विनवलं असतं, आणि मी तुमच्याकडे बघून पुन्हा सही बदलली असती. मला माझी खात्री नव्हती. म्हणून लपवलं. तुमच्यापासून नाही, माझ्या स्वतःच्या मऊपणापासून.

त्या गुरुवारी तुम्ही तीन तास माझा हात धरून बसलात. चाळीस वर्षांत मिळून तेवढा धरला नसेल. मला लाज वाटत होती आणि सोडवतही नव्हता. तुम्ही थेंब मोजत होतात तेव्हा एकदा ओठांवर आलं होतं की अहो, हे नुसतं मीठपाणी आहे. नाही बोलले. ते न बोलणं मात्र माझ्या स्वार्थाचं. त्याला दुसरं कारण नाही.

मला घरी यायचंय. माझ्या खोलीत, खिडकीकडच्या बाजूला. सासूबाई एका खाटेवर, मी दुसऱ्या. तुम्हाला दोन दोन म्हाताऱ्या सांभाळाव्या लागतील, आणि त्यातली एक तुम्हाला नवरा समजेल आणि दुसरीही तेच समजेल! वन्सं म्हणतात, दुखणं आवरायची औषधं घरी देता येतात, शिकवीन. पण एक अट आहे. माझ्या उशाशी बसून मला धीर द्यायचा नाही. विचारायचं. काय हवं, काय नको, कुठे दुखतं. तेवढं जमणार असेल तर न्यायला या. जमणार नसेल तरी रागावणार नाही. तुम्हाला आता हक्क आहे नाही म्हणायचा.

जसे आहात तसे माझे राहा.
तुमची ‘अगं’

ता. १८ फेब्रुवारी

सौ. ... यांस,

वरची जागा रिकामी ठेवली. तिथे तुझे नाव लिहायला गेलो तर हात अवघडला. हा माझा दोष.

वीस तारखेला सकाळच्या गाडीने येतो. खाट खिडकीकडे सरकवली आहे. गादी उन्हात टाकली. शेजारणीने तेवढा वेळ आईजवळ थांबायचे कबूल केले आहे.

मी रागावलेलो आहे. तो राग तुला न्यायला येताना घरी ठेवून यावा, असा प्रयत्न केला. जमले नाही. तो सोबत येईल. तू सांगशील तिथे तो बसेल, पण नाही असे मी सांगणार नाही. तुझी अट मान्य आहे. पोथी कपाटात ठेवली आहे.

धाकटीला सांग, औषधांविषयी जे सांगायचे ते तिने कागदावर लिहून द्यावे. तोंडी काही नको.

न्यायला येणारा

ता. २४ फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

चार दिवसांपूर्वी वहिनींना तुमच्या स्वाधीन केले, तेव्हा घाईत दिलेल्या कागदावर काही राहून गेले. ते लिहिते.

तोंड दिवसातून चार वेळा स्वच्छ करायचे. ब्रश मऊ हवा, सोडा घातलेले कोमट पाणी, नंतर ओठांना मलम. दर दोन तासांनी कूस बदलायची. ओढायचे नाही, चादरीसकट वळवायचे. पोटऱ्यांखाली चादरीची घडी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या. पाठीवर लाल जागा दिसली तर बोटाने दाबून पाहा. बोट काढल्यावर क्षणभर पांढरी झाली तर ठीक, लालच राहिली तर मला कळवा. दुखणे आवरण्याचे पातळ औषध दर चार तासांनी, घड्याळाप्रमाणे. दुखू लागेपर्यंत थांबायचे नाही. त्याने पोट बांधले जाते, म्हणून रेचक रोज. मधेच फार दुखले तर जास्तीची एक मात्रा द्यायची, ती कुपीवर खूण करून दिली आहे.

ती द्यायची की नाही, ते कसे ठरवायचे, ते सांगते. प्रत्येक वेळी विचारायचे की शून्य ते दहामध्ये दुखणे किती. शून्य म्हणजे नाही, दहा म्हणजे असह्य. त्या सांगतील तो आकडा वहीत लिहायचा आणि तोच खरा मानायचा. चेहरा पाहून तुमचा आकडा लिहायचा नाही. आमच्या कामात याखेरीज दुसरे माप नाही. दुखणे फक्त रुग्णालाच दिसते, आणि त्याने सांगितले ते खरे मानल्याशिवाय शुश्रूषा सुरूच होत नाही.

हे तुम्हाला लिहिताना मला काय वाटले असेल, ते लिहीत नाही.

पायांवर डोके ठेवून,
धाकटी

ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. (तू मागितला नाहीस, तरी लिहिला.)

तू सांगितलेले सर्व चालू आहे. कूस वळवण्याची चादरीची युक्ती पाचव्या दिवशी साधली. त्याआधी दोनदा तुझी वहिनी म्हणाली की मी माणूस आहे, फळा नव्हे, एवढे घासू नका. आई रोज सकाळी तिला विचारते, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? ती सांगते, गुरुजींकडे. आई म्हणते, जपून, फार कडक आहेत. दोघींचे जमले आहे.

आता आकड्यांविषयी. पहिले दहा दिवस ती ‘दोन’ म्हणे, ‘तीन’ म्हणे. मी तू सांगितल्याप्रमाणे वहीत लिहीत असे. पण प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढीत असे, उत्तर संशयास्पद असले की मुलांच्या वहीत काढायचो तसे. कारण ती ‘तीन’ म्हणायची तेव्हा तिची मूठ चादरीत रुतलेली असायची. ज्या माणसाने मला वाचवण्यासाठी एकदा माझ्या डोळ्यांदेखत पिशवीभर असत्य अंगात घेतले, ते मला वाचवण्यासाठी एक आकडा खाली उतरवणार नाही कशावरून? तू लिहितेस की सांगितलेले खरे मानल्याशिवाय शुश्रूषा सुरू होत नाही. ते मला पटले. पण तुम्ही दोघींनी नेमके तेच माझ्याकडून काढून घेतले होते आणि वर ही वही माझ्या हाती दिलीत. विश्वासघाताचे दुःख मोठे असते, असे मी आजवर वाचले होते. त्याची अडचण इतकी व्यावहारिक असते, हे कुठे वाचले नव्हते. मात्रा द्यावी की देऊ नये, हेच ठरवता येईना.

बुधवारी दुपारी मी तिला हे सर्व सांगितले. आवाज चढला. मी म्हणालो, तुझ्या तीनावर माझा विश्वास नाही, तू मला अजून सलाईनच लावते आहेस. तिने वही मागितली, पाने उलटून ती प्रश्नचिन्हे पाहिली, परत दिली आणि भिंतीकडे तोंड केले. तोंड स्वच्छ करू दिले, औषध घेतले, आकडा मात्र विचारला तरी सांगितला नाही. त्या दिवशीच्या रकान्यात तीन जागा कोऱ्या आहेत.

गुरुवारी दुपारी मी तिच्या ओठांना मलम लावत होतो. मी काही विचारले नव्हते. ती म्हणाली, आठ. मी थांबलो. ती म्हणाली, आठ, अहो, बघत काय बसलात, आटपा, आणि काही बोलू नका.

मी जास्तीची मात्रा मोजली. कुपीवरची खूण पाहून पुन्हा मोजली. अर्ध्या तासाने विचारले, तेव्हा पाच. आणखी अर्ध्या तासाने तीन. तुला कसे सांगू? माझ्या बायकोला आठ दुखत होते आणि मला बरे वाटत होते. याची लाज वाटते आणि तरी लिहितो, कारण या घरात आता बरे दिसेल ते लिहायचे नाही. ते शेवटचे तीन मी वहीत लिहिले आणि त्यापुढे काही काढले नाही.

क्षमा केली, असे मात्र लिहीत नाही. तिच्याशी मी दिवसातून सहा वेळा विचारून आणि सहा वेळा ऐकून एकेक पायरी चढतो आहे. दिवस पुरतील की नाही, ठाऊक नाही. तुझ्याशी अजून पहिली पायरीही झालेली नाही. तुझे पत्र आले की मी आधी वाक्यांच्या मागे पाहतो, मग वाक्ये वाचतो. ही सवय तू मला लावलीस. ती जाईल तेव्हा जाईल.

पण तिच्या माकडहाडापाशी काल एक लाल जागा दिसली. दाबून पाहिली. पांढरी झाली असे मला वाटले, आज पुन्हा पाहिले तर तसे वाटले नाही. पत्र मिळताच ये. तुझ्या शब्दावर विसंबून राहणे मला अजून जमत नाही. तुझ्या हातांवर मात्र मी तिला सोपवतो.

दुपारच्या गाडीने आलीस तर जेवण झाकून ठेवीन.
दादा